दुभाषी गावांतील वंशशोध : बोहेमिया-मोरावियाची एक हकीगत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा उत्तरेतील मराठ्यांच्या स्वाऱ्या किंवा तंजावरचे भोसले यांपैकी एखादा विषय त्यांच्या मनात असावा. त्या विषयांवर अधिकारी लेखण्यांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही वाचकांना जरा दूर, मध्य युरोपातील काही खेड्यांत नेणार आहोत. त्यास कारण आहे. २०११ च्या जनगणनेत काही भागाची देखरेख आमच्याकडे होती. त्या वेळी ‘मातृभाषा’ या रकान्याने जितके प्रश्न उभे केले, तितके दुसऱ्या कोणत्याही रकान्याने केले नाहीत. तीन पिढ्या महाराष्ट्राबाहेर काढलेल्या आपल्याच घरांत आजी मराठी सांगे, सून विचार करी आणि नातू बेधडक हिंदी सांगून मोकळा होई. आपल्याकडे या उत्तराने कुणाचे घर जात नाही, हे आपले भाग्य. परंतु ज्या देशात एका जनगणनेतील असल्याच उत्तरावरून पंधरा वर्षांनी माणसाची जमीन गेली, त्या देशातील दुभाषी गावांची हकीगत बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना परकी वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आजचे चेक प्रजासत्ताक म्हणजे मुख्यतः बोहेमिया व मोराविया हे दोन जुने प्रांत आणि सायलेशियाचा एक तुकडा. बोहेमियाचा आकार एखाद्या परातीसारखा आहे. मध्ये सखल प्रदेश आणि कडेने डोंगर. परातीच्या तळाशी चेक आणि काठावर जर्मन, असे ढोबळ चित्र शंभर वर्षांपूर्वी होते. हे जर्मन तेथे कालपरवा आलेले नव्हते. बाराव्या-तेराव्या शतकांत प्रेमिस्लवंशीय राजांनी आणि मठाधिपतींनी जंगले तोडून शेती वसविण्यासाठी, तसेच यिहलावासारख्या ठिकाणी चांदीच्या खाणी चालविण्यासाठी जर्मन भाषक लोकांना बोलावून घेतले. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात गावेच्या गावे ओस पडली. त्यांपैकी काहींत पुन्हा जर्मन शेतकरी येऊन बसले. १६२० साली पांढऱ्या डोंगराच्या लढाईत बोहेमियातील बंडखोर सरदारांचा पराभव झाला आणि १६२७ च्या नव्या राज्यविधानाने जर्मन भाषेला चेक भाषेच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. व्यवहारात पारडे हळूहळू जर्मनच्या बाजूस झुकले.

काठ आणि तळ यांच्यामधली रेषा नकाशावर जितकी ठळक दिसते, तितकी ती जमिनीवर कधीच नव्हती. शिवाय चेक मुलखाच्या मधोमध जर्मन भाषेची बेटे होती : यिहलावा, ब्रनो, स्वितावीच्या आसपासचा भाग, चेस्के बुद्येयोवित्से. मोरावियात विश्कोव्हजवळ तर मूठभर खेड्यांचेच एक बेट होते. त्यांतील एका जर्मनभाषक गावाचे जर्मन नाव होते ‘चेखेन’, म्हणजे शब्दशः चेक लोक! उलट ‘न्येमेत्स’, म्हणजे जर्मन, हे चेक लोकांतील एक अगदी सामान्य आडनाव आहे. आपल्याकडे ‘कर्नाटकी’ आडनावाचा गृहस्थ शुद्ध पुणेरी बोलतो, त्यातलाच हा प्रकार.

या सीमेवरच्या गावांत एक सुंदर चाल होती. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, की चेक शेतकरी त्याला वर्षभरासाठी एखाद्या जर्मन शेतकऱ्याच्या घरी पाठवी आणि त्या घरचा मुलगा आपल्याकडे ठेवून घेई. चेक लोक यास ‘हांडल’ म्हणत, जर्मन लोक ‘वेक्सेल’. दोन्ही शब्दांचा अर्थ अदलाबदल असाच. पैशाचा व्यवहार नाही. मुलाने घरच्या मुलांबरोबर जेवायचे, गुरे राखायची, शाळेत जायचे आणि दुसरी भाषा शिकून परतायचे. बाजारात, लष्करात आणि कचेरीत दोन्ही भाषा लागत. दोन भाषा येणे ही तेव्हा शहाणपणाची गोष्ट होती, निष्ठेचा प्रश्न तो नंतर झाला. अशा अदलाबदलीतून दोन घरांचा घरोबा पुढे वर्षानुवर्षे टिकत असे.

आता अशा गावातून बाहेर पडलेल्या कुणा जर्मनभाषक कुटुंबाचा वंशज आपले मूळ शोधू लागला, तर त्याच्या हाती काय लागते?

पहिले साधन चर्चच्या नोंदवह्या. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवण्याचे बंधन पाद्र्यांवर घातले. या भागात बहुतेक ठिकाणच्या वह्या सतराव्या शतकापासून सलग मिळतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या किंवा गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आहेत, पण तेथे यजमान जाईल तेव्हाच नोंद होणार. चर्चची वही मात्र गाव न सोडणाऱ्या मजुराचीही जन्म-मृत्यूची तारीख सांगते. या वह्यांना खरी शिस्त लावली ती सम्राट दुसऱ्या जोसेफने. त्याच्या १७८४ च्या आज्ञेने या वह्या सरकारी दस्तऐवज ठरल्या. प्रत्येक गावाची वही वेगळी झाली, रकाने ठरले आणि त्यांत घरक्रमांकाचा रकाना आला. पुढे पुढे आजी-आजोबांची नावेही येऊ लागली. राज्यकारभाराची आवड असलेल्या माणसास हा सम्राट प्रिय वाटावा, असाच होता.

पण वही मिळाली म्हणजे पूर्वज मिळाला असे नव्हे. पहिली अडचण लिपीची. जर्मन नोंदी ‘कुरेंट’ नावाच्या लपेटीदार वळणात असतात आणि आजच्या सुशिक्षित जर्मनासही त्या वाचता येत नाहीत. आजोबांची दप्तरे माळ्यावर असूनही मोडी न आल्यामुळे ज्यांना ती मुकी आहेत, त्यांना ही स्थिती निराळी सांगावयास नको. दुसरी अडचण अधिक अवघड आहे, ती नावांची. अठराव्या शतकात पुष्कळ काळ पाद्री लॅटिनमध्ये लिहीत. चेक ‘वात्स्लाव्ह’ लॅटिनमध्ये ‘वेन्सेस्लाउस’ होतो आणि जर्मनमध्ये ‘वेन्त्सेल’. ‘वोय्त्येख’चा ‘आडालबर्ट’ होतो, ‘यिर्झी’चा ‘गेऑर्ग’. म्हणून वहीत ‘गेऑर्ग’ लिहिलेला माणूस घरात कोणत्या हाकेला ओ देई, हे वहीवरून कळत नाही. पाद्र्याची भाषा कळते, इतकेच. आडनावाचीही तीच गत. ‘द्वोर्झाक’ हे चेक आडनाव जर्मन पाद्री ‘द्वोर्शाक’ असे लिही आणि त्याच्या जागी चेक पाद्री आला, की पुढच्या भावाचे नाव पुन्हा पूर्ववत होई. क्वचित आडनावाचे चक्क भाषांतर होई : ‘श्वेत्स’ म्हणजे चांभार, तो ‘शुस्टर’ झाला. एकाच बापाची मुले दोन भाषांत नोंदलेली आढळतात.

त्यात घराच्या नावाची भर. या गावांत शेतवाडीला स्वतःचे नाव असे आणि विधवेशी लग्न करून तिच्या वाडीत राहावयास आलेल्या पुरुषाला लोक त्या वाडीच्या नावानेच ओळखू लागत. म्हणजे चेक नाव घेऊन आलेला तरुण दहा वर्षांत जर्मन नावाचा घरधनी व्हावा, किंवा याच्या उलट व्हावे, यात नवल नव्हते. दक्ष पाद्री दोन्ही नावे लिहून ठेवी, दुसरा कुणी एकच. ज्यू कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. १७८७ च्या आज्ञेने त्यांना जर्मन आडनावे घेणे भाग पडले, त्यामुळे त्यांच्या आडनावावरून घरच्या भाषेचा तर्क करणे व्यर्थ आहे.

अशा वेळी शोधकाने नावाचा नाद सोडून घराचा माग काढावा, असा या क्षेत्रातील अनुभवी लोकांचा शिरस्ता आहे आणि तो आम्हांस अतिशय मार्मिक वाटतो. १७७०-७१ साली लष्करभरतीच्या सोयीसाठी गावोगाव घरांना क्रमांक दिले गेले. माणसाचे नाव बदलले, लिपी बदलली, पाद्री बदलला, तरी घर सहसा त्याच क्रमांकाने राहिले. (काही गावांत मध्येच नव्याने क्रमांक पडले आहेत, तेवढे सांभाळावे लागते.) घरक्रमांक हाती असला, की जमिनीच्या वह्या उघडतात. वाडी बापाकडून मुलाकडे किती किमतीस गेली, इतर भावंडांना वर्षाला किती हप्ता द्यावयाचा, म्हाताऱ्यांना कोणती खोली व किती धान्य, हे सारे त्यांत नोंदलेले असते. १६५४ चा कर-जाबता, त्याआधी १६५१ साली धर्मवार केलेली रयतेची यादी, आणि १८१७ च्या आज्ञेने सुरू झालेल्या मोजणीचे एकास २८८० या प्रमाणाचे नकाशे हीही साधने आहेत. त्या नकाशांत प्रत्येक घर, विहीर, फळबाग दिसते. १७८१ पर्यंत रयतेला गाव सोडण्यास किंवा लग्न करण्यास जमीनदाराची परवानगी लागे. तो जाच होता खरा, परंतु त्याचे कागद आज वंशशोधकाच्या कामी येतात.

एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या माणसाचे देतो. वाटाण्यांवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा याच मुलखातला. जर्मनमध्ये ‘हाइन्त्सेनडॉर्फ’ आणि चेकमध्ये ‘हिंचित्से’ असे म्हणतात त्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी १८२२ साली त्याचा जन्म झाला. चर्चच्या वहीत जन्मतारीख २० जुलै आहे, तर घरची परंपरा २२ जुलै मानते. इतक्या विख्यात पुरुषाच्या बाबतीत कागद आणि कुटुंब यांचे जुळत नाही, तर सामान्यांचे काय! त्यातून ‘हाइन्त्सेनडॉर्फ’ नावाची गावे या प्रदेशात एकाहून अधिक आहेत. नुसत्या गावाच्या नावावर विसंबणारा शोधक भलत्याच मेंडेलच्या दारात जाऊन उभा राहील.

येथपर्यंतची कथा कुतूहलाची आहे. पुढची तशी नाही.

एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवादाचे वारे सुटले आणि दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला ‘तू कुणाचा?’ असे विचारले जाऊ लागले. उत्तर देणारे नेहमीच वंशाला धरून उत्तर देत असे नाही. चेक तरुणांत राष्ट्रभावना जागविणारी ‘सोकोल’ ही व्यायामसंस्था १८६२ साली ज्या मिरोस्लाव्ह तिर्शने स्थापली, तो जन्मतः फ्रीड्रिख एमान्युएल तिर्श होता, जर्मनभाषक घरातला. त्याचा सहकारी फ्युग्नर हाही जर्मनभाषक घरातलाच. उलट बाजूस, पुढे हिटलरचा हस्तक झालेला सुडेटन जर्मनांचा पुढारी कोनराड हेनलाइन याच्या आईचे माहेरचे नाव ‘द्वोर्झाचेक’ हे अस्सल चेक होते. ‘सुडेटन जर्मन’ हा शब्दसुद्धा विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आला. १७५० सालच्या एखाद्या शेतकऱ्याला तू सुडेटन जर्मन आहेस असे सांगितले असते, तर त्याने आपल्याकडे बघत राहावे, एवढेच झाले असते.

या वाऱ्याला सरकारी रकान्यात बसविले ते १८८० च्या ऑस्ट्रियन जनगणनेने. तीत मातृभाषा विचारली नव्हती, ‘व्यवहारभाषा’ विचारली होती, आणि उत्तर एकच द्यावयाचे होते. दोन भाषा लिहिण्यास जागाच नव्हती. जर्मन शहरात जर्मन मालकाकडे राबणारी चेक मोलकरीण व्यवहारभाषेने जर्मन ठरे, आणि चेक पुढारी यावर संतापत. बोहेमियात शेकडा सुमारे ६३ चेक आणि ३७ जर्मन, असे या जनगणनांचे आकडे येत. एकेका टक्क्यासाठी चढाओढ चाले, कारण शाळा त्यावर अवलंबून. १८८० सालीच दोन्ही बाजूंनी शाळा चालविणाऱ्या संस्था निघाल्या आणि सीमेवरच्या गरीब पालकांना पुस्तके, जेवण, नाताळात कपडे अशी आमिषे दाखविली जाऊ लागली. ज्या बापाने पूर्वी मुलगा अदलाबदलीला पाठविला असता, त्याला आता एकच शाळा निवडावी लागली. मोरावियात १९०५ च्या समझोत्याने मतदारांच्याच दोन याद्या झाल्या, एक चेक व एक जर्मन. माणूस कोणत्या यादीतला, यावर वाद होऊन प्रकरणे निवाड्यास जात.

विद्येच्या क्षेत्रातही हीच भिंत. प्रागचे प्राचीन विद्यापीठ १८८२ साली भाषेवरून दुभंगून दोन झाली. ओघात सांगतो, त्यांपैकी जर्मन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झालेले मोरिट्स विंटरनित्झ यांनीच १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना मांडली होती. ते कार्य पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली अंगावर घेतले. चेक विद्यापीठात त्याच काळात विन्त्सेन्त्स लेस्नी होते. एकाच शहरातील हे दोघे भारतविद्यापंडित दोन वेगळ्या विद्यापीठांचे, पण दोघांनीही शांतिनिकेतनात अध्यापन केले.

१९१८ साली चेकोस्लोवाकिया जन्मास आला आणि पारडे फिरले. १९२० च्या भाषाविषयक कायद्याने ज्या न्यायालयीन जिल्ह्यात अल्पसंख्य शेकडा २० किंवा अधिक असतील, तेथे त्यांना आपल्या भाषेत सरकारी व्यवहाराचा हक्क मिळाला. तरतूद न्याय्य होती. पण वीस टक्क्यांची रेघ आखली, की शेकडा एकोणीस आणि एकवीस यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, आणि प्रगणकाच्या लेखणीला नको इतके महत्त्व येते. डिसेंबर १९३० च्या जनगणनेत ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना होता आणि ते सामान्यतः मातृभाषेवरून ठरवावयाचे होते. सबंध देशात सुमारे ३२ लाख लोकांनी जर्मन असे सांगितले. त्यांत जर्मन बापाची आणि चेक आईची मुले होती, चेक आडनावाची पण पिढ्यान्‌पिढ्या जर्मन बोलणारी कुटुंबे होती. उत्तर देताना कुणाच्या मनात नोकरीचा विचार आला असेल, कुणाच्या मनात शेजाऱ्यांचा. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यानंतरचा इतिहास वाचकांस माहीत आहे. १९३५ च्या निवडणुकीत हेनलाइनच्या पक्षाला देशात सर्वांत अधिक मते पडली. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे सीमाप्रदेश हिटलरला तोडून देण्यात आला. मार्च १९३९ मध्ये उरलेला चेक प्रदेशही गिळंकृत झाला. १९४२ च्या जूनमध्ये लिदित्से हे गाव जमीनदोस्त करून तेथील पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. सहा वर्षांच्या या राजवटीनंतर चेक लोकांच्या मनात काय साठले असेल, हे समजून घेतल्याविना पुढच्या घटनेचा न्याय करू नये. तरीही ती घटना सांगितलीच पाहिजे. २१ जून १९४५ च्या अध्यक्षीय हुकुमाने जर्मनांच्या शेतजमिनी जप्त झाल्या. जर्मन कोण, याची व्याख्या त्या हुकुमातच होती : १९२९ नंतरच्या कोणत्याही जनगणनेत ज्याने आपले राष्ट्रीयत्व जर्मन असे नोंदविले, तो. म्हणजे १९३० सालच्या त्या रकान्यातील एक शब्द. २ ऑगस्टच्या दुसऱ्या हुकुमाने नागरिकत्वही गेले. प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहिलेल्यांना सवलत होती, पण निष्ठेचा पुरावा देण्याचा भार त्यांच्यावरच होता.

सुमारे ३० लाख माणसे देशाबाहेर गेली. १९४५ च्या उन्हाळ्यात बेशिस्तीने व मारहाणीने, आणि १९४६ मध्ये पॉट्सडॅम कराराच्या आधारे आगगाड्यांतून, माणशी ३० ते ५० किलो सामानानिशी. या काळात किती मृत्यू झाले, याबद्दल दोन्ही बाजूंनी वाटेल ते आकडे फेकले जात. चेक व जर्मन इतिहासकारांच्या संयुक्त आयोगाने १९९६ साली हा आकडा १५ ते ३० हजार असल्याचे म्हटले. मिश्र विवाहांतील काही कुटुंबे मागे राहिली. १९५० च्या जनगणनेत जर्मन म्हणवणारे सुमारे १ लाख ६० हजारच उरले होते. काही गावे तर नकाशावरूनच गेली. दोउपोव्ह हे सबंध शहर आसपासच्या खेड्यांसह लष्करी सरावाच्या क्षेत्रात जाऊन नष्ट झाले. तेथील घरक्रमांक कागदावर आहेत, घरे नाहीत.

आज शोध घेणारे आहेत ते या विस्थापितांचे नातू-पणतू, बव्हेरियातले, ऑस्ट्रियातले, आणि त्यांच्याही आधी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेस गेलेल्यांचे वंशज. मिनेसोटातील न्यू उल्म या गावी पश्चिम बोहेमियातील जर्मनभाषकांची मोठी वस्ती झाली आणि तेथे १९८४ साली त्यांच्या वारसामंडळाची स्थापना झाली. अमेरिकेत ‘बोहेमियन’ म्हणजे चेक असा सार्वत्रिक समज, त्यामुळे जर्मन बोलणाऱ्या बोहेमियनाची नोंद कधी ऑस्ट्रिया, कधी जर्मनी, कधी बोहेमिया अशी होई. हॅम्बुर्ग बंदरातील १८५० पासूनच्या उतारूंच्या याद्यांत मूळ गाव दिलेले असते, तेथून धागा सापडतो.

धागा सापडला, की शोधक चेक अभिलेखागारांकडे वळतो. ब्रनो, ओपावा, त्रेबोन, प्लझेन्य, लितोम्येरझित्से, झाम्र्स्क आणि प्राग येथील या कचेऱ्यांनी आपापल्या नोंदवह्यांची छायाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. ज्यांच्या आजोबांना त्या देशातून घालविले, त्यांनाही त्या तितक्याच खुल्या आहेत. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट विशेष वाटते. बहुतेक शोधक ‘आमचे जर्मन पूर्वज’ शोधायला म्हणून निघतात. चौथ्या-पाचव्या पिढीला पोहोचेपर्यंत त्यांना पलीकडच्या गावातून सून म्हणून आलेली एखादी चेक पणजी भेटते, किंवा वाडीचे नाव घेतलेला चेक जावई भेटतो. काहीजण ते नाव वंशवृक्षात घालतात. काहीजणांना ते रुचत नाही.

जन्माची नोंदवही तिच्यातील शेवटच्या नोंदीला शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंत गावच्या नोंदणी कचेरीत राहते आणि मग अभिलेखागारात येते. त्यामुळे दरवर्षी थोड्या थोड्या नव्या वह्या लोकांपुढे येत आहेत. सध्या येत आहेत त्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या, म्हणजे १९३० साली प्रगणक दारात आला तेव्हा आईच्या पदराआड उभ्या असलेल्या आणि ज्यांच्या वतीने घरच्या वडिलांनी उत्तर दिले त्या मुलांच्या.